एचआयव्ही संशोधनात यायचंय? घरातल्या पहिल्या संशोधकासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

तुम्ही जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) काउन्सेलर असाल, टीआय प्रकल्पात (जास्त जोखीम असलेल्या गटांसाठीच्या प्रतिबंध प्रकल्पात) ओआरडब्ल्यू म्हणजे वस्तीत फिरणारा कार्यकर्ता किंवा पीअर एज्युकेटर असाल, एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) नर्स किंवा लॅब टेक्निशियन असाल. एमएसडब्ल्यू किंवा मायक्रोबायॉलॉजी करून घरी बसला असाल. तुमच्याआधी घरात कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नसेल. तुम्ही दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातले असाल, तृतीयपंथी असाल, किंवा स्वतः एचआयव्हीसह जगत असाल. हे लिखाण तुमच्यासाठी आहे. काउन्सेलरच्या खुर्चीतून पीएच.डी.पर्यंतची वाट मी चालले आहे. त्या वाटेवर कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे क्रमाने लिहिते आहे.

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि राज्यनिहाय आकडा महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे या विषयावर संशोधन भरपूर होतं. एआरटी वेळेवर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ साली ज्या अभ्यासाने दाखवलं, त्या एचपीटीएन ०५२मध्ये ९ देशांतली १,७६३ जोडपी होती. पुणे आणि चेन्नईची जोडपीही त्यांत होती. अशा कामात घर शोधणारे, विश्वास कमावणारे, फॉर्म भरून घेणारे लोक बहुतेक वेळा आपल्यातले असतात. अभ्यासाचा प्रश्न काय असावा हे ठरवणाऱ्या टेबलावर मात्र आपण क्वचित दिसतो. या फॉर्मपासून त्या टेबलापर्यंत कसं जायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. आधी प्रश्न शोधा, कोर्स नंतर

बहुतेक जण उलट करतात. आधी प्रवेश घेतात, मग गाईड देईल तो विषय घेतात आणि तीन वर्षं दुसऱ्याचा प्रश्न सोडवत बसतात. तुमच्याकडे असं काही आहे जे बाहेरून आलेल्या संशोधकाला विकत घेता येत नाही. कोण गोळ्या का सोडतं, हे तुम्ही रोज पाहता.

एक उदाहरण घ्या. बीडमधून ऊसतोडीला जाणारं जोडपं दिवाळीच्या आसपास निघतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. स्थिर रुग्णांना एका वेळी काही महिन्यांची औषधं देण्याची सोय कार्यक्रमात आहे. पण त्या कोपीत (झोपडीत), सगळ्यांच्या नजरेसमोर, गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? मुकादमाला कळलं तर? सांगली-कोल्हापूरकडच्या केंद्रात तात्पुरती औषधं घ्यायची तर कोयता सोडून जायचं कधी आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? केंद्राच्या रजिस्टरवर या सगळ्याची एकच नोंद होते, ‘औषध चुकलं’. या एका नोंदीमागे तीन-चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला प्रत्येक पीएच.डी.ला पुरेल.

एक वही करा. कामावर जे खटकतं ते तारीख घालून लिहा, मराठीतच लिहा. दोन-तीन महिन्यांनी वही उलटली की एखादी गोष्ट परत परत आलेली दिसेल. तो तुमचा प्रश्न.

इथला सापळा मोठा आहे. वहीत रुग्णाचं नाव, एआरटी क्रमांक, गाव, फोटो यातलं काहीही नको. नोकरीत हाताळलेलं रजिस्टर हा तुमचा ‘डेटा’ नाही. परवानगीशिवाय त्यातले आकडे काढून लेख लिहिला तर गोपनीयतेचा भंग होतो, नोकरी जाऊ शकते आणि ज्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवला त्याचं आयुष्य उघडं पडू शकतं.

२. कुठल्या दाराने आत जायचं

एचआयव्ही संशोधन म्हणजे फक्त लॅब नव्हे. ढोबळ चार दारं आहेत. विषाणू आणि प्रतिकारशक्तीवरचं प्रयोगशाळेतलं काम, रुग्णालयातल्या चाचण्या, लोकसंख्या व आकडेवारी, आणि समाजशास्त्रीय काम. पुण्यात भोसरीला १९९२ साली सुरू झालेली ‘नारी’, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. आता तिचं नाव राष्ट्रीय ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी व एड्स संशोधन संस्था असं झालं आहे. मुंबईत देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि लोकसंख्या विज्ञानाची आयआयपीएस, परळला प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही आरोग्य विज्ञानाचा आंतरविद्याशाखीय विभाग आहे. वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये संशोधन प्रकल्पांवर ‘प्रोजेक्ट असिस्टंट’सारख्या जागा निघतात. पगार बेताचा असतो, पण शिकायला मिळतं.

पीएच.डी.साठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२चे नियम वाचून ठेवा, कारण कार्यालयात चुकीची माहिती सर्रास मिळते. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे, कारण पगार सोडून शिकणं आपल्यापैकी बहुतेकांना परवडत नाही. महिलांना मुदतीत जादा दोन वर्षं आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. २०२४पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असाही एक गट असतो. जेआरएफ (या परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) हुकली म्हणून निराश होण्याआधी निकालपत्र नीट पाहा.

३. कागदपत्रांची फाईल

ही फाईल जाहिरात येण्याच्या आधी तयार हवी. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर तहसीलमध्येच मुदत संपते.

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसीसाठी मुदतीतलं नॉन-क्रीमीलेअर
- अधिवास दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- आधारशी जोडलेलं बँक खातं
- नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद
- तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळालेलं ओळखपत्र
- कामाच्या अनुभवाची पत्रं, त्यात नेमकं काम काय केलं ते लिहिलेलं
- पीएच.डी. नोंदणीचं आणि गाईडचं पत्र (फेलोशिपच्या वेळी)
- पासपोर्ट. परदेशाचा विचार आज नसला तरी काढून ठेवा

दोन गोष्टींवर अनेकांचं घोडं अडतं. पहिली, केंद्राचा आणि राज्याचा ओबीसी दाखला वेगळ्या नमुन्यात असतो. महाराष्ट्रात व्हीजे-एनटीत असलेले बरेच समाज केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये येतात. म्हणजे केंद्रीय योजनेसाठी तुम्हाला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा जोडला की अर्ज थेट बाद होतो. दुसरी, नावातला फरक. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, लग्नानंतरच्या कागदांवर तिसरं. राजपत्रातून एकदाच काय ते निस्तरा. जात वैधतेसाठी एजंटला पैसे देऊ नका. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि समितीला हवे असतात ते वडील-आजोबांचे जुने शाळेचे, महसुलाचे पुरावे. ते एजंट आणून देणार नाही.

४. पैसे

यूजीसी आणि सीएसआयआरच्या जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. त्यावर घरभाडे भत्ता. ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या योजना पाहा. केंद्राच्याही एससी, एसटी, ओबीसीसाठी वेगळ्या राष्ट्रीय फेलोशिप आहेत. घर-मुलांमुळे खंड पडलेल्या महिलांनी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना जरूर पाहावी. एमबीबीएस, बीडीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची एसटीएस ही छोटी शिष्यवृत्ती संशोधनाची पहिली चव देते.

फेलोशिपचे हप्ते उशिरा येतात. हे गृहीत धरूनच खोली घ्या, उधारी ठरवा.

आणि सगळा डोलारा एका परदेशी निधीवर उभा करू नका. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा तृतीयपंथींसाठीचे मित्र क्लिनिक हैदराबादसह कल्याण आणि पुण्यात बंद झाले. तिथे काम करणाऱ्यांत त्याच समाजातले लोक होते. तुमचा प्रकल्प अशा पैशावर असेल तर आतापासून डेटा, परवानग्या आणि लेखनाचं वेळापत्रक असं ठेवा की प्रकल्प बंद पडला तरी तुमचा प्रबंध बंद पडणार नाही.

५. गाईड निवडताना विचारायचे प्रश्न

गाईडचं नाव किती मोठं आहे हे पाहू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठा, शक्यतो संस्थेबाहेर चहा प्यायला. त्यांना विचारा: किती वर्षांत संपलं? पहिला लेख कुणाच्या नावाने गेला? मसुदा वाचून परत यायला किती दिवस लागतात? इंग्रजी चुकलं तर सर सगळ्यांसमोर बोलतात का? मॅडमच्या घरची कामं करावी लागतात का? आपल्या समाजातला आधी कुणी विद्यार्थी होता का, आणि त्याने पूर्ण केलं का?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘मध्येच सोडलं’ असं एकापेक्षा जास्त वेळा आलं, तर दुसरा गाईड शोधा.

एकच गाईड पुरत नाही हेही खरं. आकडेवारीसाठी एक, लेखनासाठी एक आणि मन मोकळं करायला एक अशी तीन माणसं हवीत. तिसरी व्यक्ती तुमच्यासारख्याच वाटेने आलेली असेल तर फार बरं. तुम्हाला खरंच कमी लेखलं गेलं की तुमचा गैरसमज झाला, हे तिला लांबलचक समजावून सांगावं लागत नाही.

६. नैतिक समिती आणि परवानग्या

नवखा माणूस सर्वांत जास्त अडकतो तो इथे. म्हणून सविस्तर लिहिते.

क्रम साधारण असा. आधी संस्थेची वैज्ञानिक समिती प्रस्ताव पाहते, मग नैतिक समिती. एआरटी केंद्रात किंवा आयसीटीसीत काम करायचं असेल तर राज्य एड्स नियंत्रण संस्थेची, मुंबईत असाल तर एमडॅक्सची (मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेची) परवानगी वेगळी लागते आणि विषयानुसार नॅकोपर्यंत (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेपर्यंत) जावं लागतं. परदेशी संस्था भागीदार असेल किंवा निधी परदेशी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी. औषधाची किंवा उपाययोजनेची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी. मागाहून नोंदणी चालत नाही. या समित्या रोज बसत नाहीत. एक बैठक चुकली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या आराखड्यात परवानग्यांसाठी भरपूर महिने ठेवा आणि त्या काळात वाचन, साधनांची पूर्वतयारी, जीसीपीचं, म्हणजे चाचण्या योग्य रीतीने करण्याच्या नियमांचं, प्रशिक्षण उरका.

आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हाही वाचा. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीवर तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय संशोधन करता येत नाही, हे या कायद्यात स्पष्ट आहे.

संमतीपत्र मराठीत लिहिताना शासकीय भाषा टाळा. ‘सदर अभ्यासांतर्गत आपले जैविक नमुने संकलित करण्यात येतील’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. ‘तुमच्या हातातून दोन चमचे रक्त घेऊ’ असं लिहा. मसुदा तयार झाला की वस्तीतल्या एखाद्या ताईला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. ती जिथे अडेल ते वाक्य बदला. वाचता न येणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदार हवा. तो तुमच्या टीममधला नको, आणि शेजारीही नको, कारण शेजाऱ्याला कळता कामा नये. हा साक्षीदार कोण असेल, हे प्रस्तावातच लिहून ठेवा. समिती हमखास विचारते.

सहभागींच्या प्रवासखर्चाची आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई बजेटमध्ये धरा. ‘आपल्या लोकांना कशाला पैसे, ते तसेही येतील’ असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

तुम्ही त्याच वस्तीत आधी काउन्सेलर होता, तर एक जादा अडचण आहे. लोक तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. ‘ताईंनी सांगितलंय’ म्हणून सही करतात. ती खरी संमती नव्हे. तुमच्या जुन्या रुग्णांची संमती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी आणि नकार दिला तरी एआरटीवर काहीही परिणाम होणार नाही, हे त्यांना आधी सांगावं. ही अडचण प्रस्तावात स्वतःहून मांडा. समितीला त्यातून तुमची समज दिसते.

७. लेखावर तुमचं नाव

१९८६ साली चेन्नईत एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने, सेल्लप्पन निर्मला यांनी, प्रबंधासाठी देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सोलोमन. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नमुने तपासले गेले आणि भारतातल्या पहिल्या एचआयव्ही संसर्गांची नोंद झाली. सोलोमन यांच्या कामाला पुढे योग्य तो मान मिळाला, २०१७ साली मरणोत्तर पद्मश्रीही. निर्मला यांचं नाव मात्र कित्येक वर्षं विषयातल्या जाणकारांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ज्या महिलांचं रक्त घेतलं, त्यांना कशासाठी घेतलं हेही सांगितलं गेलं नव्हतं. या एका घटनेत आपल्या क्षेत्राचे दोन्ही जुने प्रश्न आहेत.

वैद्यकीय नियतकालिकं लेखकत्वासाठी आयसीएमजेईचे (संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) चार निकष मानतात: आखणीत, डेटा मिळवण्यात किंवा विश्लेषणात मोलाचा वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. फक्त डेटा गोळा केला तर तुम्ही आभारात जाता, लेखकांत नाही. म्हणून फील्डवर्क करत असाल तर सुरुवातीलाच म्हणा, ‘मला एका लेखाच्या विश्लेषणात आणि लिखाणात भाग घ्यायचा आहे.’ बैठक झाली की ठरलेलं ई-मेलने पाठवा. चार ओळी पुरतात: आज असं ठरलं, पहिला लेख अमुक विषयावर, पहिलं नाव अमुक. नंतर वाद झाला तर तीच ओळ कामाला येते.

ओआरसीआयडी क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा, फुकट असतो. नाव बदलणार असाल तर हा क्रमांक जुनं आणि नवं काम एकत्र ठेवतो.

‘पैसे भरा, आठवड्यात छापू’ म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. शंका असेल तर संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट लिहून विचारा. चांगल्या नियतकालिकाची फी परवडत नसेल तर सूट अर्ज करून मागावी लागते. भारतीय लेखकांना ती बऱ्याच ठिकाणी आपोआप लागू होत नाही. वाचनासाठी मात्र आता बरी सोय आहे. जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून सरकारी विद्यापीठं आणि संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. ग्रंथपालांना भेटून लॉगिन मागा.

८. स्वतःला सांभाळा

तुम्ही एचआयव्हीसह जगत असाल तर ते सांगायचं की नाही, हा निर्णय पूर्णपणे तुमचा. नोकरी किंवा शिक्षणासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७चा कायदा मनाई करतो. १०० किंवा जास्त लोकांच्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेत २० किंवा जास्त लोक असतील तर, तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. राज्य पातळीवर लोकपाल असतो. रुजू होतानाच तक्रार अधिकाऱ्याचं नाव विचारून ठेवा.

फील्डवर एकटं जाऊ नका, निदान कुठे आहात हे एकाला कळवा. रेकॉर्डर आणि फोनला पासवर्ड. मुलाखती ऐकून रात्री झोप लागत नसेल तर ते अशक्तपणाचं लक्षण नाही. आपल्याच घरासारख्या घरांच्या गोष्टी दिवसभर ऐकल्या की असं होतं. आठवड्याचं वेळापत्रक असं करा की सलग मुलाखती येणार नाहीत.

९. परिषदा

आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीच्या परिषदांना शिष्यवृत्ती असते, क्रॉय या एचआयव्ही संशोधनाच्या परिषदेत नवोदित संशोधकांसाठी वेगळी असते. सारांश आणि शिष्यवृत्तीच्या मुदती परिषदेच्या कित्येक महिने आधी येतात. शिष्यवृत्तीत व्हिसाचा खर्च धरलेला आहे का, आणि पैसे आधी मिळतात की परत आल्यावर, हे नक्की विचारा. ‘परत आल्यावर’ असेल तर लाखभर रुपये कुणाकडून तरी उभे करावे लागतात.

१०. आधार देणाऱ्यांसाठी: गाईड, संस्था, समुदाय संघटना

एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा निर्णयांत सहभाग हवा, असं १९९४ साली पॅरिसमध्ये ४२ देशांनी मान्य केलं. समुदाय सल्लागार मंडळात दोन माणसं बसवली की ते पूर्ण झालं, असं मानू नका. प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहितानाच त्यांना बोलवा आणि त्या दिवसाचं मानधन द्या. एलजीबीटी समुदायासाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या समुदाय संघटनेने स्वतःची नैतिक समिती उभी केली आहे. सांगलीत संग्राम या संस्थेसोबत वाढलेल्या व्हॅम्प या देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या संघटनेतल्या महिला आपल्याबद्दलच्या संशोधनाला उलट प्रश्न विचारतात. भागीदारी अशा संघटनांशी करा, त्यांना फक्त नमुने मिळवून देणारी यंत्रणा समजू नका. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही, म्हणून समुदाय संघटनेचा वाटा कसा द्यायचा हे करार होण्याआधी हिशेबनिसाला विचारा.

पीअर एज्युकेटरच्या पदासाठी जाहिरात काढताना त्यात शिक्षणासाठी आठवड्यातला अर्धा दिवस लिहून द्या. आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकवा. ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सेमिनारला मराठीत बोलायची मुभा द्या, स्लाइड इंग्रजीत असल्या तरी चालतील. विद्यार्थ्याची फेलोशिप लांबली तर प्रकल्पातून तात्पुरतं मानधन देता येईल का, हे त्याने मागायच्या आधी तपासा. आणि प्रकल्पाच्या बजेटमध्ये निकाल वस्तीत परत नेण्याचा खर्च वेगळा धरा: हॉलचं भाडं, चहा, मराठी पत्रक, येण्या-जाण्याचं भाडं. तो कार्यक्रम लेख छापून येईपर्यंत लांबवू नका आणि त्यात बोलायला तुमच्या विद्यार्थ्यालाच उभं करा.